हलका आणि महाग लॅपटॉप, रोजच्या कामासाठी: एअर, झेनबुक की आणखी काही?

वहीपान | ८ नोव्हेंबर २०२५
नमस्कार मंडळी. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबरला संपला. माझा लॅपटॉप सातव्या पिढीच्या इंटेलचा असल्यामुळे त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. तसाही तो सव्वादोन किलोचा आहे आणि डोंबिवली ते सीएसएमटी गर्दीत उभ्याने जाताना खांद्याला ते कळतं.

माझं काम मराठी भाषांतर आणि मुद्रितशोधनाचं. वर्डमध्ये बदलांच्या खुणांसकट फायली, ब्राउझरमध्ये तीसचाळीस टॅब, मोठाल्या पीडीएफ, झूम आणि महिन्याअखेरीस एक्सेलमध्ये बिलं. गेम नाहीत, व्हिडिओचं काम नाही. बजेट सव्वा लाख, फार ताणून एक तीस. आत्तापर्यंत यादीत मॅकबुक एअर एम४ (१३ इंची), आसुस झेनबुक ए१४ आणि झेनबुक एस१४ आहेत. भाऊ म्हणतो थिंकपॅड घे. भाचा सॅन होजेला असतो, डिसेंबरात येणार आहे, तिथून आणायचा का हाही प्रश्न आहे. यूट्यूबवर पाहावं तो प्रत्येक लॅपटॉप सर्वोत्तम. रोज वापरणाऱ्या जाणकारांनी प्रकाश टाकावा.

फटकळ
वर्ड आणि झूमसाठी सव्वा लाख? साठ हजारांत १.४ किलोचा चांगला लॅपटॉप मिळतो, १६ जीबी रॅमसकट. उरलेल्या पैशात वर्षभराचा फर्स्ट क्लासचा पास काढा, खांद्याचा प्रश्नही सुटेल.

मनीप्लांट
फटकळ, डोंबिवलीचा फर्स्ट क्लास पाहिलाय का कधी सकाळी साडेआठला? :D

चिपळूणचा चिप
फटकळ यांचं निम्मं बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या कामासाठी वेग हा मुद्दाच नाही. वर्ड आणि चाळीस टॅब आजच्या कुठल्याही साठ हजारांच्या लॅपटॉपवर नीट चालतात. त्यामुळे बेंचमार्कचे आलेख पाहणं आधी बंद करा. वरचे साठ हजार जातात ते स्क्रीन, ट्रॅकपॅड, कीबोर्ड, बिजागरी, वेबकॅम आणि बॅटरी यांना. या गोष्टींना तुमचा हात आणि डोळा रोज लागतो, आणि त्या नंतर सुधारून घेता येत नाहीत. तेव्हा महाग लॅपटॉप या सहा गोष्टींवर जोखा.

एक एक घेऊ. स्क्रीन. मराठी वाचणाऱ्याला इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा बारीक ठिपके जास्त लागतात. रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार, अनुस्वार हे सगळं शिरोरेषेच्या वर नाहीतर अक्षराच्या पायाशी चिमुकल्या जागेत बसतं. एअरवर इंचाला २२४ ठिपके, एस१४ च्या २८८० बाय १८०० पडद्यावर त्याहून थोडे जास्त. ए१४ चा पडदा १४ इंचांत १९२० बाय १२००, म्हणजे इंचाला साधारण १६२. सिनेमा पाहायला ए१४ सुंदर आहे, ओलेड जातीच्या पडद्याचा काळा रंग काळाच दिसतो. पण दहा पॉइंटातल्या पानावर ‘दृ’ आणि ‘द्र’ दिवसभर वेगळे ओळखायचे असतील तर फरक कळेल. दुकानात जाताना स्वतःची पीडीएफ घेऊन जा, त्यांचा डेमो व्हिडिओ पाहू नका.

ओलेडबद्दल आणखी एक. प्रकाश कमी केला की बरेच ओलेड पडदे तो वेगाने उघडझाप करून मंद करतात. सगळ्यांना त्रास होत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. तुम्हाला ट्यूबलाइटच्या लुकलुकीचा त्रास होत असेल तर दुकानात प्रकाश चतुर्थांशावर आणून पंधरा मिनिटं वाचत बसा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. एअरचा पडदा आयपीएस आहे, म्हणजे ओलेड नाही, आणि ६० हर्ट्झचा. एस१४ चा १२० हर्ट्झ. पान सरकवताना दुसरा मऊ वाटतो, पण मुद्रितशोधनात पान थांबलेलंच असतं.

वजन. ए१४ हा ९८० ग्रॅम, एस१४ सुमारे १.२ किलो, एअर १.२४. कागदावर पाव किलोचा फरक दिसतो. पण नेहमीचा ६५ वॅटचा चार्जर आणि त्याची केबल मिळून तेवढंच वजन भरतं. त्यामुळे चार्जर घरी ठेवता येतो का, हा वजनाचा खरा प्रश्न आहे. तुमच्या कामात या तिन्हींना दिवस काढता यावा. बॅटरी एअरची ५३.८ वॅट-अवर, ए१४ ची ७०, एस१४ ची ७२. एअर लहान बॅटरीत तेवढंच काम करतो हे ॲपलच्या चिपचं कौतुक. पण ॲपलच्या पहिल्या लॅपटॉप चिपनंतर, म्हणजे एम१ नंतर चार वर्षांनी, २०२४ च्या सप्टेंबरात आलेल्या इंटेलच्या लुनार लेक चिपने ते अंतर बरंच भरून काढलंय.

आता नावांचा घोळ, इथे माणसं फसतात. लुनार लेक म्हणजे ज्या इंटेल चिपच्या आकड्याशेवटी ‘व्ही’ आहे ती: २२६ व्ही, २५६ व्ही, २५८ व्ही. ‘कोअर अल्ट्रा ७ २५५ एच’ दिसला तर ती वेगळी जात, ताकद जास्त पण बॅटरी खाते. ‘१५५ एच’ दिसला तर ती २०२३ च्या अखेरची जुनी पिढी, सवलतीत खपवली जाते. तिघांवर स्टिकर मात्र जवळपास सारखाच. व्ही जातीत रॅम चिपच्या पोटातच असते, नंतर वाढत नाही. आकड्याच्या शेवटी ६ असेल तर १६ जीबी आणि ८ असेल तर ३२. २५६ व्ही आणि २५८ व्ही यांत रॅमपलीकडे फारसा फरक नाही.

सांजपणती
ही माहिती दुकानदाराने कधीच सांगितली नसती. वाचनखूण साठवली.

फटकळ
चिप, लेख छान. पण बिजागरीसाठी साठ हजार हे काही पटलं नाही.

चिपळूणचा चिप
फटकळ, दोन वर्षांनी पडदा डुगडुगायला लागला की पटेल. :)

वऱ्हाडी ठेचा
अकोल्याहून लिहितोय. एअरला पंखा नाही, एम१ पासूनच नाही. ॲपलच्या स्वतःच्या कागदावर वापरायचं तापमान १० ते ३५ अंश लिहिलंय. आमच्याकडे मे महिन्यात सावलीत ४४-४५ असतं. म्हणजे बिनाएसीच्या खोलीत आम्ही कंपनीच्या मर्यादेबाहेरच. बंद पडत नाही, पण झूम आणि मोठी पीडीएफ एकदम चालवली की मंद होतो, आणि मांडीवर ठेवणं तर सोडाच.

पंखा नसण्याचा फायदाही मोठा आहे म्हणा. आमच्या धुळीत पंख्याचे लॅपटॉप दरवर्षी उघडून फुंकावे लागतात. एअर आतून स्वच्छ राहतो.

मनीप्लांट
डोंबिवलीत ४५ होत नाही, घामच येतो. एअर चालेल.

अक्षरजुळारी
माझा धंदा डीटीपीचा, त्यामुळे वेगळाच प्रश्न विचारतो. ताई, तुमच्याकडे मुद्रितं येतात ती युनिकोडमध्ये, की अजून कोणी प्रकाशक श्रीलिपीत, त्या जुन्या देवनागरी फॉन्टांच्या प्रोग्रॅमात, पाठवतो? कारण श्रीलिपी विंडोजवरच चालते, आणि जुन्या आवृत्तीला यूएसबीचं लॉक लागतं, म्हणजे खोचल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नाही अशी छोटी चावी. त्या लॉकला स्वतःचा ड्रायव्हर असतो. मॅकवर पॅरलल्स नावाचा प्रोग्रॅम घालून विंडोज चालवता येतं हे खरं, पण ते विंडोजही एआरएमचं, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीच्या चिपसाठीचं. साधे प्रोग्रॅम त्यात नक्कल करून चालतात, ड्रायव्हरची नक्कल होत नाही. स्नॅपड्रॅगन चिपवाल्या ए१४ लाही हेच लागू. यावर विंडोज ११ असलं तरी ते आतून एआरएमचंच. क्रोम, ऑफिस, झूम झकास चालतात, आणि दहा वर्षांपूर्वीचा प्रिंटर मात्र ओळख दाखवत नाही.

तुमच्या आयुष्यात अशी जुनी वस्तू किती आहे यावर अर्धी यादी आपोआप गळेल.

ताळेबंद
अक्षरजुळारी यांना +१. आमच्या धंद्यात ती जुनी वस्तू म्हणजे डिजिटल सहीचं टोकन आणि टॅली. टॅली विंडोजचीच. टोकनाच्या कंपनीला ‘एआरएम विंडोजचा ड्रायव्हर आहे का’ असं लेखी विचारा, ‘विंडोज ११ वर चालतं’ या उत्तरावर विसंबू नका.

आणि पैशाचं थोडं. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के. तुमची नोंदणी असेल आणि बिल तुमच्या क्रमांकावर घेतलं तर तो परत वळता करून घेता येतो. ९९,९०० च्या एअरमध्ये सुमारे सव्वापंधरा हजार कर आहे. शिवाय प्राप्तिकरात संगणकाला ४० टक्के घसारा. मात्र अनुमानित पद्धतीने कर भरत असाल तर घसारा वेगळा मागता येत नाही. भाच्याने अमेरिकेतून आणला तर यातलं जीएसटीचं काहीच हाती लागत नाही.

बे एरियाची काकू
भाच्याचा हिशेब मी करून देते. एअर एम४ इथे ९९९ डॉलर, पण ही किंमत करापूर्वीची. आमच्या भागात विक्रीकर नऊ टक्क्यांच्या वर. म्हणजे १,०९० डॉलरच्या आसपास, डॉलरला ८८ च्या भावाने शहाण्णव हजार रुपये. भारतात छापील किंमत ९९,९००, त्यावर बँकेची सूट मिळतेच. भाचा ऑरेगनमध्ये असता, जिथे विक्रीकर नाही, तर गोष्ट वेगळी होती. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम्सविना आणता येतो, पण तो स्वतःचा जुना लॅपटॉप हाती घेऊन येणार असेल तर दुसऱ्यावर प्रश्न विचारला जाऊ शकतो. भाच्याकडून सुकामेवा मागवा, लॅपटॉप भारतातच घ्या.

वहीपान
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. अक्षरजुळारी, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. एक मासिक आणि एक प्रकाशक अजून श्रीलिपीतच आहेत. लॉकही आहे माझ्याकडे. म्हणजे एअर आणि ए१४ दोन्ही गेले?

अक्षरजुळारी
गेले असं लगेच म्हणू नका. जुना लॅपटॉप इंटरनेट तोडून घरी ठेवता येतो. सुरक्षेचे अपडेट बंद झालेत ते जाळ्यात असलेल्या यंत्राला घातक, टेबलावर एकट्याने श्रीलिपी चालवणाऱ्याला नाही. फायली पेनड्राइव्हने न्याव्या-आणाव्या लागतील. पण लोकलमध्ये किंवा फोर्टच्या कचेरीत बसून श्रीलिपीची दुरुस्ती करावी लागते का? लागत असेल तर इंटेल किंवा एएमडीच घ्या, विषय संपला.

खडीसाखर
अवांतर: श्रीलिपीच्या फायली युनिकोडमध्ये आणल्यावर रफार आणि पहिली वेलांटी एकदा डोळ्यांखालून घालाच. तो ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी छापलेला असतो, युनिकोडमध्ये नंतर येतो. रूपांतरक तिथेच गडबडतात.

दोनबोटी
मॅकवर मराठी टायपिंग कसं आहे? मी दोन बोटांनी फोनेटिक करतो.

खडीसाखर
दोन्हीकडे सोय आहे. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक आत आहे आणि इन्स्क्रिप्ट, म्हणजे सरकारी प्रमाण कळफलक, तर फार आधीपासून. मॅकमध्ये इन्स्क्रिप्टच्या धर्तीचा देवनागरी आणि देवनागरी क्वर्टी.

पण मुद्रितशोधकाला कुठल्याच समीक्षकाने न सांगितलेली एक गोष्ट सांगते. विंडोजच्या वर्डमध्ये बॅकस्पेसने मागे खोडलं तर आधी काना-मात्रा जाते, मग अक्षर. डिलीटने पुढे खोडलं तर ‘र्त्या’सारखं अख्खं जोडाक्षर एका फटक्यात जातं. दिवसातून शेकडो वेळा यातलं एक निवडावं लागतं. मॅकबुकवर पुढे खोडायची स्वतंत्र कळच नाही, एफएन दाबून डिलीट दाबायचं. सवय होते, पण डावा हात त्यात गुंततो. म्हणून मी नवा कीबोर्ड पाहताना आधी डिलीट, होम आणि एंड कुठे आहेत ते पाहते.

याच कारणासाठी आधीच्या पिढीचा डेल एक्सपीएस १३ मी हातात घेऊन परत ठेवला. वरची ओळ कळांची नाही, काचेवरच्या स्पर्शाची आहे. एस्केप आणि एफ ७ दाबल्याचं बोटाला कळत नाही. दिसायला देखणा यंत्र, पण स्पेलिंग तपासायला एफ ७ मारणाऱ्यांसाठी नाही.

मनीप्लांट
‘देखणं यंत्र’ हवं खडीसाखर, मुद्रितशोधक ना तुम्ही? दिवे घ्या.

खडीसाखर
घेतले. मोबाइलवरून लिहिते आहे, डिलीटची कळ नाही.

थिंकपॅडप्रेमी
भाऊ बरोबर सांगतोय! एक्स१ कार्बनची तेरावी पिढी एक किलोच्या आत आहे, १४ इंची, लुनार लेक. दोन थंडरबोल्ट (वेगवान टाइप-सी), दोन नेहमीचे यूएसबी, एचडीएमआय. कीबोर्डच्या मधोमध असलेला लाल टोपीचा ट्रॅकपॉइंट, ज्याने माऊसचा बाण हलतो, लोकलमध्ये ट्रॅकपॅडपेक्षा बरा. कीबोर्डवर चहा सांडला तरी बहुधा वाचतो. एसएसडी बदलता येते. आणि जागेवर येऊन दुरुस्ती करणारा करार घेता येतो, जो जिल्ह्याच्या गावात सोन्यासारखा.

फटकळ
आणि किंमत?

थिंकपॅडप्रेमी
दीड लाखाच्या पुढे. :(

वऱ्हाडी ठेचा
दुरुस्तीचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. मागे एका नामांकित कंपनीच्या लॅपटॉपची बिजागरी गेली, तर सुटा भाग नागपूरला येईपर्यंत पाऊस सुरू झाला. तेव्हापासून मी खरेदीआधी आपल्या गावातलं सेवा केंद्र गाठून विचारतो की या मॉडेलचा पडदा आणि बॅटरी तुमच्याकडे येते का, किती दिवसांत. मुंबईकरांना ही चिंता कमी. लॅमिंग्टन रोड आहेच, बीकेसीत ॲपलचं दुकान २०२३ पासून आहे आणि पुण्यात कोरेगाव पार्कला यंदा सप्टेंबरात सुरू झालं.

चिपळूणचा चिप
दोन गोष्टी राहिल्या.

एअर घ्यायचाच ठरला तर किती साठवण? २५६ जीबी ९९,९००, ५१२ जीबी १,१९,९००. म्हणजे जादा २५६ जीबीसाठी वीस हजार, हा निव्वळ हावरेपणा. वर्डच्या फायली किती जागा खातात? २५६ घ्या आणि जुना गठ्ठा बाहेरच्या एसएसडीवर ठेवा. रॅम १६ आहे ती पुरे. फक्त बाहेरचा मॉनिटर साधा १०८० वाला असेल तर मॅकवर मराठी अक्षर धूसर दिसेल. २०१८ च्या मोहावेपासून ॲपलने अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची जुनी रीत काढून टाकली, अशा मॉनिटरवर ते जाणवतं. मग ४के मॉनिटरचा खर्च धरा. विंडोजवर हा त्रास कमी.

दुसरं, वाट पाहायची का? एम५ ऑक्टोबरात मॅकबुक प्रोमध्ये आली, एअरमध्येही कधीतरी येईल. पण तुमच्या कामाला एम४ आणि एम५ मधला फरक दिसणार नाही. उलट मेमरीचे भाव जगभर चढायला लागलेत, एआयची डेटा सेंटरं सगळा माल उचलतायत. जास्त रॅमचा लॅपटॉप मनात असेल तर थांबून स्वस्त मिळेल या आशेवर राहू नका.

सांजपणती
झाकण मिटून पिशवीत टाकल्यावर तापतात का हो हे? माझा ऑफिसचा विंडोजवाला रोज कढत निघतो आणि बॅटरी अर्धी.

चिपळूणचा चिप
जुन्या इंटेलवर हे फार होतं, झोपेतही तो नेट चाळत असतो. लुनार लेकमध्ये बरंच सुधारलंय. एअर या बाबतीत अजून सर्वांत बिनधास्त, मिटला की मिटला. तुमच्यासाठी उपाय: सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ लावा. उघडायला थोडे सेकंद जास्त लागतील.

फटकळ
एवढं वाचून माझं मत थोडं बदललं. पण साठ हजारांचा पर्याय यादीत ठेवाच ताई.

वहीपान | २३ नोव्हेंबर २०२५
दुकानात जाऊन आले. स्वतःची पीडीएफ पेनड्राइव्हमध्ये नेली होती. एअरला तो लावायला जागाच नाही, दोन्ही भोकं टाइप-सी, मग तिथल्या मुलाने जोडणी शोधून आणली.

पाहिलं ते असं. ए१४ हातात घेतला तेव्हा आत काही आहे की नाही अशी शंका आली, इतका हलका. पण दहा पॉइंटचं पान शेजारी ठेवल्यावर चिप म्हणाले तेच झालं, शिवाय लॉकचा प्रश्न होताच. एअरचा ट्रॅकपॅड आणि आवाज बाकी सगळ्यांच्या वर, यात वादच नाही. फटकळ यांच्यासाठी साठ हजारांचाही पाहिला. वेग चांगला, पण पडदा तिरका धरला की राखाडी होतो आणि एका हाताने झाकण उघडलं तर खालचा भागही वर उचलला जातो.

मासिकाच्या संपादकांना विचारलं. श्रीलिपी किमान वर्षभर तरी सुटणार नाही आणि शेवटच्या फेरीच्या दुरुस्त्या फोर्टला बसूनच कराव्या लागतील. त्यामुळे एअर मनातून काढला. २५८ व्ही असलेला एस१४ घेतला, ३२ जीबीवाला. बँकेची सूट धरून ताणलेल्या बजेटात जेमतेम बसला. बिल जीएसटी क्रमांकावर घेतलं, ताळेबंद यांचे आभार. प्रकाश कमी करून पंधरा मिनिटं वाचलं, डोकं दुखलं नाही. दुकानदार वैतागला.

मनीप्लांट
अभिनंदन! पेढे कुठायत?

चिपळूणचा चिप
छान निवड. माय आसुस या कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायचं आजच लावा. लांबच्या प्रवासाआधी तेवढं काढायचं.

अक्षरजुळारी
ताई, लॉक नव्या मशीनला लगेच लावू नका. आधी त्याचा ड्रायव्हर टाका, मशीन बंद करून सुरू करा, मग लॉक. उलटं केलं तर विंडोज स्वतःच भलता ड्रायव्हर पकडतं आणि तो उपटून काढताना संध्याकाळ जाते. एस१४ ला नेहमीचं यूएसबी एक आहे, त्यातच लावा, मधे जोडणी घालू नका. आणि श्रीलिपी नव्यावर पूर्ण चालेपर्यंत जुना लॅपटॉप कोणाला देऊ नका.